इंजिन कुठलं?

माझी एक जुनी कविता आहे, तळपद्यांच्या विमानावरची. गोगटे-जोगळेकर कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा लिहिलेली. शिवकर बापूजी तळपदे या मुंबईच्या गृहस्थांनी १८९५ साली गिरगावच्या चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचं विमान उडवलं, तेही राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, अशी हकीकत कुठल्याशा दिवाळी अंकात वाचली आणि अंगावर काटा आला. एका रात्रीत कविता झाली. चिपळूणपासून मालवणपर्यंत किती कविसंमेलनांत ती म्हटली असेल, हिशेब नाही. शेवटच्या कडव्याला टाळी ठरलेली. 'मुसलमान असून असं लिहितो' म्हणून पाठ थोपटणारेही भेटत. त्या कौतुकाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही, पण तो आजचा विषय नव्हे.

या कवितेला पहिला धक्का दिला तो माझ्या भाचीनं. ती तेव्हा इथंच रत्नागिरीत मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. रमजानमधली संध्याकाळ. इफ्तार झाल्यावर घरची मंडळी निवांत बसली होती. कुणीतरी फर्माईश केली, मी कविता म्हटली, वाहवा झाली. भाचीनं विचारलं, "मामू, त्याचं इंजिन कुठलं होतं?"

"पाऱ्यावर चालायचं म्हणतात."

"पाऱ्यावर म्हणजे कसं? हॉर्सपॉवर किती? वजन किती?"

"कवितेत वजन वेगळं मोजतात, बेटा," मी म्हटलं. गझल लिहिणाऱ्यांना ठाऊक आहे, वृत्तालाच आम्ही वजन म्हणतो. सगळे हसले, तीही हसली. मी मात्र त्या रात्री बराच वेळ जागा होतो. कारण हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलो होतो.

माझे अब्बा मिरकरवाड्याला मच्छीमार लाँचींची इंजिनं दुरुस्त करायचे. शाळा चौथीपर्यंत. चालू इंजिनावर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून मूठ कानाला लावायचे आणि आतलं कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगायचे. बंदरात नवी लाँच आली की लोक तिची लांबी, रंग, नाव यावर बोलत. अब्बा सगळं ऐकून घेत आणि शेवटी एकच विचारत, "इंजिन कुठलं?" त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय ते लाँचीबद्दल बरं-वाईट काही बोलत नसत. असल्या माणसाच्या मुलानं वीस-पंचवीस वर्षं एका विमानाची कविता म्हटली आणि त्याच्या इंजिनाची चौकशी केली नाही!

मग मी वाचायला लागलो. गणित बारावीलाच सुटलेलं, त्यामुळे समीकरणं आली की पान उलटायचं. जिथं अडलो तिथं भाचीला विचारलं.

तळपद्यांबद्दल हाती लागलं ते थोडक्यात सांगतो. माणूस खरा होता, संस्कृत ग्रंथांचा व्यासंगी होता. विमानाचा ध्यासही खरा असावा. पण चौपाटीवरच्या त्या उड्डाणाचा त्या काळचा भरवशाचा पुरावा अभ्यासकांना मिळालेला नाही. ज्या 'वैमानिकशास्त्रा'चा हवाला नेहमी दिला जातो, त्याची संहिता पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात तोंडी सांगितली आणि ती उतरवून घेतली गेली. म्हणजे तळपद्यांच्या कथित उड्डाणानंतर वीसेक वर्षांनी. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच अभ्यासकांनी १९७४ साली हा ग्रंथ तपासला. त्यांनी थट्टा केली नाही. दिलेली मापं घेऊन गणित मांडलं. ग्रंथ १९०४ च्या आधीचा असू शकत नाही आणि त्यात वर्णन केलेली विमानं उडू शकत नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष. त्यातल्या आकृत्याही बंगळूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या ड्राफ्ट्समनच्या हातच्या निघाल्या. हे सगळं १९७४ साली छापून झालं होतं. तरी जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला आणि त्याच महिन्यात तळपद्यांवरचा 'हवाईजादा' हा हिंदी चित्रपटही आला. मग माझ्या कवितेलाच दोष कशाला द्या!

आता कुणी म्हणेल, यानं शेजारच्या घरातलं विमान पाडलं. म्हणून आमच्या घरातलंही सांगतो. लहानपणी मदरशात आम्हाला अब्बास इब्न फिरनासची गोष्ट सांगत. नवव्या शतकात स्पेनमधल्या कुर्तुबा शहरात, म्हणजे आजच्या कॉर्डोबात, त्यानं अंगाला पिसं आणि पंख लावून उड्डाण केलं, जगातला पहिला उडणारा माणूस मुसलमान होता, वगैरे. आमच्या छात्या फुगायच्या. पुढं पाहिलं तर ही हकीकत सविस्तर सांगणारा इतिहासकार अल-मक्करी हा सतराव्या शतकातला, साडेसातशे वर्षांनंतरचा. इब्न फिरनासच्या काळातला आधार म्हणाल तर मूमिन इब्न सईद नावाच्या दरबारी कवीची एक ओळ. कवीच्या ओळीवर उड्डाण सिद्ध होत असेल तर सातशे वर्षांनी माझीही कविता कुणीतरी पुरावा म्हणून काढील. मला तर या विचारानं घामच फुटला.

पण अल-मक्करीच्या हकिकतीत एक तपशील आहे, तो मला फार आवडतो. इब्न फिरनासनं बरंच अंतर कापलं पण उतरताना त्याच्या पाठीला इजा झाली. कारण पक्षी उतरताना शेपटीवर भिस्त ठेवतात, हे त्याच्या ध्यानात आलं नाही आणि त्यानं शेपूट केलंच नव्हतं. गोष्ट खरी असो वा नसो, हे सांगणाऱ्या माणसानं पक्षी नीट पाहिले होते. विमानाचं शेपूट शोभेसाठी नसतं. नाक वर-खाली व्हायला लागलं की त्याला जागेवर आणायचं काम ते करतं. राहता राहिलं इंजिन. ते म्हणजे माणसाचे दंड. तगडा गडीसुद्धा सलग काम करताना अर्ध्या हॉर्सपॉवरच्या आतच थकतो. अब्बांनी या लाँचीत पाय ठेवला नसता.

राइट बंधूंचं उड्डाण आपल्याला पाठ आहे. १७ डिसेंबर १९०३, पहिलं उड्डाण बारा सेकंदांचं. पण त्यांच्या इंजिनाची गोष्ट मला आजवर कुणी सांगितली नव्हती. हलकं इंजिन त्यांना कुणी कारखानदार द्यायला तयार होईना. तेव्हा त्यांच्याच सायकलच्या दुकानातल्या चार्ली टेलर नावाच्या मिस्त्रीनं सहा आठवड्यांत इंजिन घडवलं. सुमारे बारा हॉर्सपॉवरचं, वजन कमी राहावं म्हणून ठोकळा ॲल्युमिनियमचा. मी हे वाचून भाचीला म्हटलं, "हा तर तुझा नाना!" ती म्हणाली, "नानांनी दहा हप्ते लावले असते, पण स्टार्ट पहिल्या हँडलला झालं असतं."

याच वाचनात मला विष्णु माधव घाटगे भेटले. पन्नाशी उलटेपर्यंत हे नाव मी ऐकलं नव्हतं. भाचीच्या वर्गात तिनं विचारून पाहिलं. तळपदे बहुतेकांना माहीत, घाटगे एकालाही नाहीत.

घाटगे आपल्यापासून फार लांबचे नव्हेत. आंबा घाट चढून कोल्हापूर, तिथून गडहिंग्लज तालुक्यातलं हसूरचंपू हे त्यांचं जन्मगाव. जन्म १९०८ चा. मुंबई विद्यापीठाचं विज्ञानाचं शिक्षण घेऊन ते जर्मनीत गटिंगेनला गेले आणि लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली १९३६ साली डॉक्टरेट झाले. विमानविद्या शिकायला त्या काळी याहून मोठं दार जगात नव्हतं.

या प्रांट्लचं शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंगचं. मेकॅनिकल आणि एरोस्पेस हे दोन वेगळे पंथ आहेत अशी माझी समजूत होती, ती इथं गेली. १९०० च्या सुमारास प्रांट्ल न्यूरेंबर्गच्या एका कारखान्यात नोकरीला लागले. काम काय, तर यंत्रावर पडणारा भुसा आणि कीस ओढून नेणारी नळ्यांची व्यवस्था सुधारायची. आपल्याकडच्या लाकडाच्या वखारीतलं काम म्हणा. रुंदावत जाणाऱ्या नळीत हवा भिंतीला धरून पुढं जायला हवी, पण ती मध्येच भिंत सोडते आणि जोर कमी पडतो. यंत्र तर त्यांनी सुधारून दिलं, पण हवा भिंत का सोडते हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. चार वर्षांनी, १९०४ साली, हायडेलबर्गच्या गणित परिषदेत त्यांनी त्याचं उत्तर मांडलं. छापील निबंध जेमतेम आठ पानांचा.

त्यांचं म्हणणं माझ्यासारख्याला कळेल असं सांगायचं तर राजिवड्याच्या खाडीवर यावं लागेल. होडीच्या बुडाला शेवाळ आणि शिंपल्या धरल्या की होडी जड चालते, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. पाणी फळीला चिकटतं. अगदी फळीलगतचं पाणी होडीबरोबरच चालतं. जरा दूरचं मोकळं असतं. या दोहोंमध्ये एक पातळ थर असतो आणि सगळी ओढाताण त्या थरात चालते. हवेचंही तसंच. विमानाच्या पंखाला लागून असाच थर असतो. तो पंखाला धरून राहिला तर विमान वर राहतं, त्यानं पंख सोडला तर खाली येतं. तोवर गणिती लोक हवेला चिकटपणा नाही असं धरून हिशेब करत, मग त्यांचं गणित आणि प्रत्यक्ष यांचा मेळ बसत नसे. प्रांट्लनी त्या पातळ थरात दोघांची गाठ घालून दिली. भुशाच्या नळीतून विमानाच्या पंखापर्यंतचा हा रस्ता आहे. (भाचीनं हा परिच्छेद तपासला आहे. चूक असेल तर तिची.)

घाटगे डॉक्टर झाले त्याच्या तीनच वर्षं आधी, १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर आला होता आणि याच गटिंगेनमधून मॅक्स बॉर्न, रिचर्ड कूरांट अशा थोर ज्यू प्राध्यापकांना घालवून दिलं गेलं होतं. जगातलं गणिताचं सर्वात नामांकित विद्यापीठ डोळ्यांदेखत ओस पडत होतं. गडहिंग्लजकडच्या या तरुणाला त्या गावात काय वाटलं असेल, हे मला विमानाच्या गणिताइतकंच जाणून घ्यावंसं वाटतं.

परत आल्यावर विमानविद्येचा माणूस हिंदुस्थानात करणार काय? इथं विमानाचा कारखानाच नव्हता. तो उभा केला सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी निघाली. घाटगे तिथं रुजू झाले. युद्धाचे दिवस. अमेरिकेतून सुटे भाग आणून विमानं जुळवायचं काम चालू होतं. जुळवणं वेगळं आणि आरेखन वेगळं. घाटग्यांनी तिथं आरेखन केलं ते एका ग्लायडरचं, दहा माणसं बसतील अशा. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान, दुसऱ्या विमानानं ओढून वर न्यायचं आणि सोडायचं. इंजिन कुठलं, तर नाहीच. मला हे फार प्रामाणिक वाटतं.

डिसेंबर १९४२ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विमान अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला. सुरुवातीची जबाबदारी घाटग्यांवरच होती. आधी कारखाना आणि मग वर्ग, असा हा उलटा क्रम. 'वैमानिकशास्त्र' तपासणारा १९७४ चा अभ्यास याच संस्थेतून आला, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.

आणि मग ते विमान. एचटी-२. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली आरेखन झालेलं, बंगळूरला बांधलेलं. ऑगस्ट १९५१ मध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ते पहिल्यांदा उडवलं. धातूचं, पंख खाली, एकामागे एक दोन आसनं. एक शिकणाऱ्याचं, दुसरं शिकवणाऱ्याचं, आणि दोन्हीकडे चालवायची सोय. स्वतंत्र भारतानं पहिलं विमान काढलं ते लढाऊ नव्हतं, शाळामास्तर होतं. दीडशेच्या वर बांधली गेली. आपल्या हवाई दलाच्या कितीतरी तुकड्यांनी उड्डाणाचं बाराखडी-पाढे त्यावर गिरवले. बारा विमानं नव्यानं स्वतंत्र झालेल्या घाना देशालाही गेली.

मी खुशीत हे सगळं भाचीला सांगितलं. म्हटलं, बघ, हे खरं उडालं. हिच्यावर कविता करतो. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "इंजिन कुठलं होतं?"

विलायती होतं. सिरस मेजर, १५५ हॉर्सपॉवरचं.

माझा चेहरा पडलेला पाहून ती म्हणाली, "त्यात वाईट काय? सांगितलंय ना कुठलं ते." मला ते पटलं. १८९५ च्या विमानाला इंजिनाचा पत्ता नाही, १९५१ च्या विमानाच्या इंजिनाला पत्ता आहे, मग तो इंग्लंडचा का असेना. पण तिचा प्रश्न तिथं थांबला नाही. घाटग्यांच्या मार्गदर्शनात आलेलं किरण हे जेट प्रशिक्षण विमान १९६४ साली उडालं. इंजिन ब्रिटिश बनावटीचं. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याच्या आरेखनातलं एचएफ-२४ मारुत हे लढाऊ विमान १९६१ साली उडालं. त्याचा सांगाडा ध्वनीहून वेगानं जाण्यासाठी घडवलेला, इंजिनं मात्र ब्रिटिश ऑर्फियस, परवान्यानं बंगळूरला बांधलेली. पुरेशा ताकदीचं इंजिन त्याला कधी मिळालंच नाही. नाव वाऱ्याचं आणि दम अपुरा. तेजस ४ जानेवारी २००१ ला उडालं, इंजिन अमेरिकी. 'कावेरी' या देशी इंजिनाचं काम १९८० च्या दशकात सुरू झालं होतं, पण तेजसमध्ये ते बसवता आलं नाही.

"इतकं काय अवघड असतं त्यात?" मी विचारलं. ती पाटावर बसून नारळ खवत होती. खवणीचं पातं दाखवून म्हणाली, "जेट इंजिनात अशी पाती असतात, मिनिटाला हजारो फेरे फिरणारी. त्यांच्यावरून जो जळता वायू जातो तो एवढा तापलेला असतो की पात्याचा धातूच वितळावा." मग वितळत का नाही? तर पातं आतून पोकळ करतात, त्यात बारीक वाटा कोरतात, त्यातून गारशी हवा खेळवतात. आणि धातू ओतताना असा ओततात की अख्खं पातं एकाच स्फटिकाचं व्हावं, कुठं सांधा नको, कारण तापल्यावर धातू सांध्याशीच सैल होतो. ही विद्या ज्यांच्याकडे आहे ते देश पैसे घेऊन इंजिन देतात, पातं कसं ओतायचं ते सहजी शिकवत नाहीत. पंखाचं गणित घाटगे गटिंगेनहून घेऊन येऊ शकले. ओतकाम असं डोक्यात भरून आणता येत नाही.

तेव्हा मला कळलं की पोरगी एवढ्यात थांबणार नाही. माझ्या तरुणपणी आमच्या गावात इंजिनिअरिंगचं पदवी कॉलेजच नव्हतं. ज्याला शिकायचं त्यानं घाट चढून कराड-सांगली गाठायची, नाहीतर मुंबई. सांगलीच्या कॉलेजला नाव वालचंदांचंच आहे. फिनोलेक्स अकॅडमी इथं १९९६ ला आली. आता मेकॅनिकल रत्नागिरीत होतं, एरोस्पेससाठी मात्र अजूनही बाहेर पडावं लागतं. भाचीला एम.टेक. करायचंय, प्रोपल्शनमध्ये, म्हणजे इंजिनाच्याच बाजूला. आयआयटी मुंबईला मेकॅनिकलवाल्यांनाही त्याचं दार आहे, 'गेट' परीक्षेतून. पहिल्या खेपेला गुण कमी पडले. नातेवाइकांच्या लग्नात एकीनं सुचवलं की मुलीच्या जातीला बी.एड. बरं. बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. कवी असून मला त्या वेळी एक शब्द सुचला नाही. भाचीच म्हणाली, "खाला, तुमच्या मिक्सरचं पातं अडकलं तर बी.एड.वाली काय करणार?"

घाटग्यांना १९६५ साली पद्मश्री मिळाली. १९९१ मध्ये ते गेले. बंगळूरला एचएएलच्या सभागृहाला त्यांचं नाव आहे, एरोनॉटिकल सोसायटी त्यांच्या नावानं पुरस्कार देते. आपल्याकडे मात्र कविसंमेलनात अजूनही मला तळपद्यांचीच फर्माईश होते. नव्या संग्रहात ती कविता मी घेतली नाही. एचटी-२ वरची अजून जमलेली नाही. तिला वजन सापडत नाही, आणि या वेळी मी कुठल्या वजनाबद्दल बोलतोय ते माझं मलाही नक्की सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात भाचीनं माळ्यावरून अब्बांची हत्यारांची पेटी काढली. दुसऱ्या खेपेच्या 'गेट'चा अभ्यास चालू आहे, मध्येच हात रिकामे राहवत नाहीत म्हणते. पेटीत जुन्या लुंगीच्या फडक्यात गुंडाळलेलं फीलर गेज निघालं. चाकूसारखं मिटणारं, कागदाइतक्या पातळ पोलादी पानांचं. लाँचीच्या इंजिनाचे टॅपेट बसवताना अब्बा फटीत त्यातलं एकेक पान घालून पाहायचे. पानं गंजून एकमेकांना चिकटली होती. तिनं रॉकेलचा बोळा फिरवून एकेक सुटं केलं, आकडे वाचत मोजलं आणि विचारलं, "मामू, यातलं पंचवीसचं पान कुठंय?"

मला ठाऊक होतं. कॉलेजात असताना ते मी काढून घेतलं होतं, कवितेच्या पुस्तकात खूण ठेवायला. अब्बांनी वर्षभर शोधलं.